एक शब्द, अनेक अर्थ : इंग्रजीच्या अध्यापनासंबंधी

महाराष्ट्रातील मराठी शाळांतून सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. अनेक शाळांच्या भिंतींवर एका बाजूस इंग्रजी शब्द व त्यासमोर एकच मराठी शब्द अशा याद्या रंगविलेल्या असतात आणि मुले त्या तालासुरात म्हणतात. ‘वेल म्हणजे विहीर’ हे त्यांपैकीच एक. पुढे वाचनपाठात ‘आय ॲम वेल’ हे वाक्य आले म्हणजे तोच मुलगा निःशंकपणे ‘मी विहीर आहे’ असा अर्थ सांगतो. वर्ग हसतो, मुलगा खाली मान घालून बसतो, आणि पुष्कळदा त्यानंतर इंग्रजीच्या तासाला तो तोंड उघडीत नाही. वास्तविक यादीने शिकविले तेच त्याने सांगितले.

एका शब्दास अनेक अर्थ असणे ही मुलास नवी गोष्ट नाही. आपले ‘लागणे’ हे क्रियापद पाहावे. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, आग लागते. चिंचेला चिंचा लागतात, विहिरीला पाणी लागते आणि पारनेरहून नगरला जावयास वेळ लागतो. पहिलीतले मूल ह्यांत कधी चुकत नाही. कारण ‘लागणे’ हा शब्द त्याला सुटा कोणी दिलेला नाही. तो त्यास भुकेबरोबर मिळाला, ठेचेबरोबर मिळाला.

येथे एक भेद शिक्षकाने मनात ठेवावा. मुलांस सांगण्याची घाई नको. दुखते ती पाठ ‘पृष्ठ’ ह्या शब्दापासून आली आणि पुस्तकातला पाठ संस्कृतातून जसाच्या तसा आला. दोन निराळे शब्द केवळ योगायोगाने एकरूप झाले. विहीर ह्या अर्थाचा ‘वेल’ व बरा ह्या अर्थाचा ‘वेल’, तसेच उजेड ह्या अर्थाचा ‘लाईट’ व हलका ह्या अर्थाचा ‘लाईट’, ह्या जोड्या अशाच आहेत. उलट ‘रन’ हा एकच शब्द पसरत गेलेला आहे. मनुष्य पळतो, नदी वाहते, यंत्र चालते, दुकान चालविले जाते, सर्वांस ‘रन’. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ह्या क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ मोजल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले होते. परंतु बहुतेकांच्या मुळाशी गती आहे, म्हणून एका अर्थावरून दुसरा ताडता येतो. क्रिकेटमधील धाव तर मुलांना शिकवावीही लागत नाही.

आपल्या तालुक्यास सर्वांत जवळचा शब्द म्हणजे ‘टँक’. घरावरची पाण्याची टाकी म्हणजे टँक. पाझर तलावास कचेरीच्या कागदांत ‘परकोलेशन टँक’ म्हणतात. उन्हाळ्यात गावात येणारा टँकरही ह्याच घराण्यातला. आणि नगरच्या रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ साली सुरू झाले, टँक म्हणजे तोफ बसविलेला पोलादी रणगाडा! पाण्याची टाकी आणि रणगाडा ह्यांचा संबंध काय, असे मुले विचारतीलच. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे नवे वाहन गुप्तपणे बांधावयास घेतले. बातमी फुटू नये म्हणून त्यास ‘टँक’, म्हणजे पाण्याची टाकी, असे फसवे नाव दिले. सप्टेंबर १९१६ मध्ये फ्रान्समधील सोमच्या लढाईत ते प्रथम रणांगणावर उतरले आणि नाव कायमचे चिकटले. मौजेची गोष्ट अशी की, मूळ इंग्रजी शब्दच गुजराती-मराठीतील ‘टाके’ ह्यावरून गेला व पोर्तुगीज शब्दाचीही त्यास जोड मिळाली, असे कोशकार मानतात. हरिश्चंद्रगडावर खडकात कोरलेली टाकी ज्या मुलांनी पाहिली असतील, त्यांस हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा भिंतीवरील याद्या पुसण्याची गरज नाही. प्रत्येक शब्दाशेजारी एक लहान वाक्य लिहिले तरी पुरे. एका दिवशी एकच अर्थ द्यावा. दुसरा अर्थ वाचनात येईल त्या दिवशी थांबून पहिल्याची आठवण द्यावी. सर्व अर्थ एकदम सांगणे म्हणजे दुसरी यादीच होय. मुलांच्या तोंडी असलेल्या शब्दांचाही उपयोग करावा. एस. टी.चा पास, परीक्षेत पास होणे, खेळात चेंडू पास करणे, हे त्यांना ठाऊक आहे. डोंगरातील खिंडीसही ‘पास’ म्हणतात, एवढेच नवे. चाचणीत ‘टँक म्हणजे काय?’ असा प्रश्न घालू नये. दोन वाक्ये द्यावीत आणि कोणत्या वाक्यातील टँकमध्ये पाणी आहे, ते विचारावे.