नऊ ते एक

बांगलादेशात खेड्यात घर बांधायचं तर आधी जमीन उंच करावी लागते, नाहीतर पावसाळ्यात पाणी घरात शिरतं. भरावाची माती शेजारीच खणतात. तो खड्डा पावसानं भरला की घराचं तळं तयार. भांडी, धुणं, अंघोळ, मासे, सगळं तिथंच.

त्यात बुडणारी मुलं बहुतेक एक ते चार वर्षांची. वेळही साधारण ठरलेली, सकाळी नऊ ते दुपारी एक. बाप शेतावर, थोरली भावंडं शाळेत, आई चुलीपाशी. एवढंसं मूल बुडताना ओरडत नाही. श्वासच घेता येत नाही, तर हाक कशी मारणार? काही मिनिटांत सगळं आटोपतं आणि घरात कुणाला चाहूलही लागत नाही.

ढाक्याच्या आग्नेयेला मतलब नावाचा भाग आहे. तिथं १९६० च्या दशकापासून घरोघरी जन्ममृत्यूची नोंद होते. १९८३ साली या वयाच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडण्याचा वाटा ९ टक्के होता, २००० साली ५३ टक्के. तळी काही एवढी वाढली नव्हती. मीठ-साखरेच्या पाण्यानं जुलाब आटोक्यात आणले, लशींनी गोवर हटवला. जुने मृत्यू घटले, हा मात्र तसाच राहिला, म्हणून आता ठळक दिसू लागला.

मग कुंपण का घालत नाहीत? कारण बाईला दिवसातून दहादा त्याच पाण्यावर जायचं असतं. फाटक उघडंच राहतं. म्हणून तिथल्या लोकांनी पाण्याऐवजी वेळेला कुंपण घातलं. ‘आंचल’ म्हणजे गावातल्याच एखाद्या बाईच्या घरी भरणारं, वीस-पंचवीस मुलांचं पाळणाघर. वेळ अर्थातच नऊ ते एक. गाणी-गोष्टी होतात, त्या चांगल्याच. पण माझ्या मते खरं औषध म्हणजे लावलेलं दार आणि दुसरं काही काम नसलेलं मोठं माणूस. आंचलमध्ये येणाऱ्या मुलांमध्ये बुडण्याचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचं अभ्यासात आढळलं. सहा वर्षांपुढच्या मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचं मचाण बांधून पोहायला शिकवतात. बुडणाऱ्यामागे उडी न मारता काठावरून काठी किंवा दोर कसा द्यायचा, हेही. २०२२ मध्ये सरकारनं १६ जिल्ह्यांत ८,००० पाळणाघरांची योजना मंजूर केली.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून गरगर फिरवणं, पोट दाबणं हे उपाय तिथंही चालतात, आपल्याकडेही. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असेल तर ताबडतोब तोंडावाटे श्वास द्यायचा आणि छाती दाबायची.

आपल्याकडच्या शेततळ्याचं गणित थोडं वेगळं आहे. त्याच्या प्लास्टिकच्या उतारावरून मोठ्या माणसालाही वर येणं कठीण जातं. पण तिथं रोज भांडी घासायला कुणी जात नाही, त्यामुळे जाळीचं कुंपण आणि कुलूपबंद फाटक तिथं खरोखर चालू शकतं.