किरणोपचारानंतर नातवंडांना जवळ घेता येईल का?

घरात कुणाला किरणोपचार सुरू झाले, की भांडी वेगळी होतात, मुलांना लांब ठेवलं जातं. आधीच घाबरलेलं माणूस यामुळे आणखी एकटं पडतं. हे अंतर खरंच गरजेचं आहे का? ते किरण कसे दिले जातात, यावर अवलंबून आहे.

मशीनने बाहेरून दिलेले किरण

आधी सीटी स्कॅन करून गाठीची नेमकी जागा ठरवतात. मग मशीन वेगवेगळ्या दिशांनी किरण सोडतं. ते गाठीवर एकत्र येतात, त्यामुळे गाठीला पूर्ण मात्रा आणि आजूबाजूच्या भागाला कमी मात्रा मिळते. शरीर हलू नये म्हणून डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात. किरण घेताना दुखत नाही. पुढे थकवा येऊ शकतो, त्या जागेची त्वचा लाल होऊ शकते.

मशीन बंद झालं, की शरीरात किरण उरत नाहीत. त्यामुळे आजींनी घरी येऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. ताट वेगळं करायचीही गरज नाही.

औषधातून दिलेले किरण

थायरॉइडच्या पेशी आयोडीन शोषून घेतात. म्हणून थायरॉइडच्या काही कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर किरणोत्सारी आयोडीन तोंडावाटे देतात. ते उरलेल्या पेशींपर्यंत स्वतःच पोहोचतं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करत आहे.

या आयोडीनची किरणशक्ती दर ८ दिवसांनी निम्मी होते. शिवाय बरंचसं औषध लघवीतून बाहेर पडतं. म्हणून मोठ्या मात्रेनंतर रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. इथे मात्र काळजी हवीच.

घरी आल्यावर

• गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांपासून डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर ठेवा.
• टॉवेल, अंथरूण वेगळं ठेवा.
• शौचालयात दोनदा फ्लश करा, हात स्वच्छ धुवा.
• बाळाला अंगावर पाजत असाल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल, तर उपचाराआधीच सांगा.

डॉक्टरांना विचारा

‘किरण बाहेरून देणार की औषधातून? अंतर ठेवायचं का, आणि किती दिवस?’ उत्तर कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. गरज नसताना आजारी माणसाला एकटं पाडू नका.