प्रशिक्षणाले कोण जाणार?



ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की काही दिवसांनी निरोप येतो, नवीन सरपंच आणि सदस्यांचं प्रशिक्षण आहे. अमरावती-अकोल्याच्या गावांत गटाच्या बैठकीला गेलो की आम्हाला बरेचदा एकच उत्तर ऐकू येतं, "मले काय समजते त्यातलं? तेच जातीन." म्हणजे निवडून आली बाई आणि वही-पेन घेऊन बसला नवरा.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. राज्यात हे शिकवण्याचं मोठं काम पुण्याच्या 'यशदा' संस्थेकडे आहे.

तिथे शिकवतात काय? कायदा, सभा, दप्तर. पण खरं ऐकायचं ते पैशाचं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले, २०२१-२२ पासून, ६० टक्के बंधित ठेवले गेले. त्यातला अर्धा वाटा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. आपला बराच मुलूख खारपाणपट्ट्यातला, तेव्हा पाण्याचा हिशेब आपल्यापेक्षा जास्त कोणाला लागणार?

आमच्या ओळखीची एक सदस्य पहिल्या दिवशी शेवटच्या रांगेत पदर सावरत बसली, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं १० टक्क्यांचं लिहून घेतलं. गावात येऊन मासिक सभेत तिनं विचारलं, "आपले ते पैसे कुठं लागले?" सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. रजिस्टर उघडलं तर त्या नावावर खर्चच नव्हता. त्यावर बराच वाद झाला, घरीही झाला. पण पुढच्या आराखड्यात अंगणवाडीसाठी पिण्याच्या पाण्याची सोय लिहिली गेली.

एक गोष्ट फार कमी बायकांना माहीत असते. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे जातं. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते. गटाची मागणी त्याआधी कागदावर लिहून, पोच घेऊन द्या.

आणि प्रशिक्षणाचं पत्र आलं की त्यावरचं नाव वाचा. ते निवडून आलेल्या बाईचंच असतं. लेकरू लहान असेल तर गटातली एखादी सोबतीला न्या. एकटीनं जायची लाज वाटत असेल तर शेजारच्या गावच्या सदस्याला फोन लावा, दोघी मिळून एकाच एसटीनं जा.