पावसाळा सरला, खाडीत कधी उतरायचं?

नवरात्र उलटलं की द्रोणागिरीच्या आजूबाजूच्या गावांत एकच विषय निघतो, खाडीत कधी उतरायचं? आमच्या गटातल्या कितीतरी जणींचा कर्जाचा हप्ता या दिवसांतल्या कोलंबी-चिंबोऱ्यांवर फिटतो. म्हणून आज हेच बोलू.

पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं. अश्विन-कार्तिकात पाऊस थांबतो आणि पाणी पुन्हा खारं होतं. कोलंबी अंडी घालते समुद्रात, पण तिची पिल्लं भरतीबरोबर खाडीत येऊन तिवरांच्या आसऱ्याने वाढतात. मोठी झाली की ओहोटीबरोबर समुद्राकडे निघतात. त्यांच्या मागावर जिताडा असतो. म्हणून पाणी उतरू लागलं की पाग टाकणाऱ्याला मासळी लागते.

वेळ काढायचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. तृतीया असेल, तर तीन पाऊणे सव्वादोन. सव्वादोनच्या सुमारास भरती, त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी सव्वाआठला ओहोटी. हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी लांबवर ओसरतं. कालवं, शिंपल्या काढायचे दिवस हेच. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी फार ओसरत नाही.

ओहोटी पुरी व्हायच्या दीड-दोन तास आधी उतरा. पाणी फिरलं की टोपली अर्धी असली तरी बाहेर या. उधाणाचं पाणी झपाट्याने चढतं आणि चिखलात पाय रुततो. एकटीने जाऊ नका. पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी सोडून द्या, पुढच्या वर्षीची कमाई तीच.

आता खरी काळजी. भराव पडून किंवा उघाडी बुजून भरती अडली, की कोलंबीचं पिल्लू आत पोहोचत नाही. डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासेही येत नाहीत. साचलेल्या पाण्यात डास मात्र अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडू लागतो. म्हणजे ताटातली मासळी जाते आणि घरात ताप येतो.

तेव्हा येत्या पौर्णिमेला भरतीच्या वेळी दोघी-तिघींनी आपल्या गावची उघाडी पाहून या. पाणी आत येतं का, ते तारखेसह गटाच्या वहीत लिहा. ग्रामसभेत बोलताना हीच वही आपल्या हाती असेल.