नाखुद्यांचे नकाशे आणि वसईचा व्यापार

मराठीतला नकाशा आणि उर्दूतला नक्शा हे शब्द एकच. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तेथे जुग्राफियाच्या तासाला भिंतीवर नक्शा टांगला जाई. पुढे कापडाच्या धंद्यात आलो तेव्हा बनारसच्या विणकरांकडे हाच शब्द निराळ्या अर्थाने ऐकला. तेथे नक्शा म्हणजे दोऱ्यांत बांधलेला नमुना. कागदावरची वेलबुट्टी मोजून नक्शाबंद कारागीर ती दोऱ्यांत उतरवतो. तो नक्शा मागावर चढला की ताण्याचा कोणता धागा केव्हा उचलायचा हे ठरून जाते. ज्याच्याकडे नक्शा त्याच्याकडे ते डिझाईन, असा सरळ हिशेब होता.

समुद्रावरचे जुने नकाशेही अशाच हिशेबाचे होते. आज ते संग्रहालयात काचेआड दिसतात म्हणून ती शोभेची चित्रे वाटतात. पण ते काढले गेले ते माल सुखरूप पोहोचावा म्हणून. कोणत्या बंदरात पाणी किती, खडक कोठे, वारा केव्हा फिरतो, जकात कोण घेतो ही माहिती ज्याच्या हाती, त्याच्या हाती नफा. आमच्या वसई-विरारचा किनारा तर दोन हजार वर्षे अशा कागदांवर आहे. तेव्हा व्यापाराच्या पानावर हा विषय परका ठरू नये.

आजच्या नालासोपाऱ्यापासूनच सुरुवात करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात नकाशा नाही, शब्दांत लिहिलेली वाट आहे. भडोचनंतरच्या बाजारपेठांत सोपारा आणि कल्याण यांची नावे येतात. पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचे सुती कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई, असेही तो लिहितो. मराठवाड्यातल्या तेर गावच्या कापडाची नोंद इतकी जुनी आहे हे आपल्या किती दुकानदारांना ठाऊक असेल?

याच पुस्तिकेत आणखी एक बाब आहे आणि ती कोणत्याही व्यापाऱ्याला चटकन समजेल. कल्याण बंदरात पूर्वी व्यवहार मोकळा होता, पण सत्ता बदलली आणि तो अडवला गेला. चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे गोदी तीच, माल तोच, पण वरचा हुकूम बदलला. लिहिणाऱ्याने हे पुढच्या माणसाचे नुकसान टळावे म्हणून नोंदवले.

सोपाऱ्याचे नाव पुढेही टिकले. सिसिलीच्या रॉजर राजाच्या दरबारात अल-इद्रीसी यांनी ११५४ मध्ये जगाचा जो नकाशा आणि ग्रंथ पुरा केला, त्यात सोपारा समुद्रापासून सुमारे दीड मैल आत असलेले, गजबजलेले व्यापारी शहर म्हणून येते. त्या नकाशात दक्षिण वर आणि उत्तर खाली आहे. आजच्या सवयीने पाहिले तर सारा हिंदुस्थान उलटा टांगल्यासारखा दिसतो. अल-इद्रीसी स्वतः इकडे आले नव्हते. प्रवाशांना व व्यापाऱ्यांना विचारून आणि जुने ग्रंथ ताडून त्यांनी ते काम केले.

आता हे प्रवासी समुद्र ओलांडत कसे, ते पाहू. जहाजाचा मालक किंवा प्रमुख तो नाखुदा. फारसीत नाव म्हणजे जहाज आणि खुदा म्हणजे धनी. कोकणातले नाखवा हे आडनाव त्यातूनच आले. वाट दाखवणारा तो मुअल्लिम, आपल्या किनाऱ्यावरचा मालम. त्याच्याकडे कमाल नावाचे एक साधे साधन असे. लाकडाची चौकोनी फळी, मध्ये भोक पाडून त्यातून ओवलेली दोरी, आणि दोरीला गाठी. गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरच्या कडेला ध्रुवतारा येतो का ते पाहायचे. प्रत्येक बंदराची गाठ ठरलेली. तारा कडेला टेकला की आपण त्या बंदराच्या उंचीवर आलो. मग सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला जहाज हाकायचे. ताऱ्याची उंची अंगुलांत मोजत, अंतर 'झाम'मध्ये, आणि एक झाम म्हणजे तीन तासांची मजल. गाठींच्या दोरीत बंदरे बांधणारा मालम आणि दोऱ्यांत वेलबुट्टी बांधणारा नक्शाबंद एकाच जातीचे कारागीर होते, असे आम्हाला नेहमी वाटते.

या विद्येचे सर्वांत मोठे नाव अहमद इब्न माजिद. इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या जुल्फारचे ते रहिवासी. १४९० च्या सुमारास त्यांनी 'किताब अल-फवाइद' लिहून तारे, वारे, किनारे आणि मोसमाच्या तारखा एकत्र केल्या. मालम लोकांच्या अशा टिपणवहीला 'रहमानी' म्हणत. शब्द मूळचा 'राहनामा', म्हणजे वाट दाखवणारी वही. मोसमाची तारीख चुकली तर माल परक्या बंदरात वर्षभर पडून राही. आपल्याकडे नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यात सोडायचा रिवाज आहे, त्यामागचा विचारही हाच आहे.

१४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेच्या मलिंदी बंदरात पोहोचला. पुढचा समुद्र त्याला ठाऊक नव्हता. तेथे त्याला एक मालम मिळाला. तो इब्न माजिद होता असे पुष्कळदा छापले जाते, पण पोर्तुगीज इतिहासकार बारोस त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो, आणि आम्हाला तेच पटते. बारोस लिहितो की त्याने गामाला हिंदुस्थानच्या सबंध किनाऱ्याचा नकाशा दाखवला, त्यावर आडव्या-उभ्या रेषा होत्या. गामाने आपले लाकडी अ‍ॅस्ट्रोलेब दाखवले तर त्याला नवल वाटले नाही. आपण तीन फळ्यांचे साधन वापरतो असे त्याने सांगितले. २४ एप्रिलला मलिंदी सोडलेली जहाजे २० मे रोजी कालिकतजवळ पोहोचली. त्या मालमाची मजुरी किती ठरली होती कोण जाणे. त्याचा तो नकाशा मात्र आज नाही.

पोर्तुगीजांनी नकाशाची किंमत बरोबर ओळखली. लिस्बनला सरकारी मूळ नकाशा ठेवलेला असे, परतलेल्या प्रत्येक खलाशाकडून त्यात भर पडे आणि तो बाहेर जाऊ नये असा बंदोबस्त होता. तरीही १५०२ मध्ये फेराराच्या ड्यूकचा माणूस अल्बेर्तो कांतिनो याने १२ सोन्याच्या डुकाट मोजून एक नक्कल मिळवली आणि इटलीला पाठवली. त्या नकाशावर हिंदुस्थानचा त्रिकोणी आकार ठळक उमटला आहे. एकोणिसाव्या शतकात तो मोदेना शहरात एका खाटकाच्या दुकानात आडोशाचा पडदा म्हणून सापडला! आता तो त्याच शहरातल्या ग्रंथालयात आहे.

हे लोक वसईला आले तेव्हा येथे काही ओसाडी नव्हती. १५१६ च्या सुमारास दुआर्ते बार्बोसा वसईचे वर्णन गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यातले, मुसलमान आणि हिंदू दोघांच्या वस्तीचे बंदर असे करतो. मलबारची जहाजे सुपारी, नारळ, मसाले आणीत आणि येथला माल भरून नेत. हुमायूनची फौज चालून येण्याची धास्ती असलेल्या सुलतान बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्या तहातली व्यापाराची कलमे वाचण्यासारखी आहेत. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी आधी वसईला येऊन परवाना घ्यायचा आणि परतताना येथेच जकात भरायची. या परवान्याला कार्ताझ म्हणत. मोसमावर चालणारा धंदा आता शिक्क्यावर चालू लागला.

चार वर्षांनी जुआंव द कास्त्रो हा दर्यावर्दी गोव्याहून दीवला जाणाऱ्या आरमाराबरोबर निघाला. पुढे तो गोव्याचा व्हाइसरॉय झाला. पण आम्हाला त्याची ही १५३८-३९ सालची सफर जास्त मोलाची वाटते. त्याने वाटेतली प्रत्येक खाडी, वाळूचा बांध, खडक आणि पाण्याची खोली टिपली, बंदरांची चित्रे काढली, घारापुरीची लेणी पाहून तीही लिहून ठेवली. पेद्रो नुनीश या गणित्याने सुचवलेले सावलीचे यंत्र घेऊन तो होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती हटते हे ठिकठिकाणी मोजत होता.

२२ डिसेंबर १५३८ रोजी, वसईजवळ, त्याची सुई बिघडल्यासारखी वागू लागली. काही खडकांपाशी ती एक दाखवी, बाजूला सरकले की दुसरे. दुसऱ्या कोणी यंत्राला दोष देऊन ते गुंडाळून ठेवले असते. कास्त्रोने निष्कर्ष काढला की सुईला हे खडकच ओढत आहेत. आपला कोकणचा काळा पत्थर ज्वालामुखीचा, त्यात लोहाचा अंश असतो, हे आज शाळेतली मुलेही सांगतील. पण त्या काळी ही गोष्ट नोंदवून ठेवणे मोठे होते. होकायंत्राच्या इतिहासात वसईचे नाव यामुळे आले. किल्ल्याच्या भिंतीपाशी फोटो काढणाऱ्यांना तेथला फलक हे सांगत असता तर बरे झाले असते.

आमच्या मते कास्त्रो आणि आपले मालम यांत फरक हुशारीचा नव्हता. वसईच्या पाण्यात पिढ्यान् पिढ्या होड्या हाकणाऱ्यांना कोणता खडक कोठे आहे हे त्याच्यापेक्षा जास्तच ठाऊक असणार. फरक एवढाच की त्याने जे पाहिले ते तारखेनिशी लिहिले आणि ते कागद त्याच्यामागेही राहिले. आपल्याकडे ही विद्या बापाकडून मुलाकडे तोंडी गेली, वही असलीच तर घराबाहेर गेली नाही, आणि घर बसले की वहीही गेली. सन्माननीय अपवाद आहेत. तुर्की आरमारप्रमुख सीदी अली रईस १५५४ मध्ये वादळाने गुजरातच्या किनाऱ्याला लागला. अहमदाबादेत मुक्काम असताना त्याने इब्न माजिद आणि सुलैमान अल-महरी यांच्या लिखाणातून 'मुहीत' हा ग्रंथ तयार केला. कच्छी मालमांचेही काही हस्तलिखित नकाशे उरले आहेत. एक अलेक्झांडर बर्न्सच्या हाती लागून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत पोहोचला.

गुपित कायमचे राखणे पोर्तुगीजांनाही जमले नाही, हे सांगायला हवे. गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी हिशेबनीस म्हणून असलेला लिन्सखोटेन हा डच तरुण मायदेशी परतला आणि १५९५-९६ मध्ये त्याने पोर्तुगीजांच्या सगळ्या सागरी वाटा छापून टाकल्या. १६०० मध्ये लंडनची ईस्ट इंडिया कंपनी निघाली, १६०२ मध्ये डचांची. पुढे इंग्रजांनी नकाशाचे खातेच उभे केले. त्यातला जेम्स हॉर्सबर्ग १७८६ मध्ये चुकीच्या नकाशामुळे दिएगो गार्सिया बेटावर जहाज फुटून अडकला होता. त्यानंतर त्याने जन्मभर नकाशे सुधारण्याचेच काम केले.

नक्शाबंदांचेही असेच झाले. जॅकार्डची छिद्रांची पत्री आली आणि दोऱ्यांचे नक्शे मागे पडले. यंत्र आले याचे आम्हाला दुःख नाही, आम्हीही यंत्राचे कापड विकतो. पण जुने नमुने कोणी नोंदवून ठेवले नाहीत. आज एखादा ग्राहक आजीच्या शालूचा तुकडा आणून 'असेच हवे' म्हणतो तेव्हा बाजारात ते सांगणारा माणूस सापडत नाही. भिवंडी-मालेगावचे जे कारागीर आपली डिझाईने तारीख घालून वहीत चिकटवतात त्यांना त्यांचे शेजारी हसतात, हे आम्ही पाहिले आहे. हसोत बापडे.

आता पुन्हा सोपाऱ्याकडे. तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटाचा स्तूप उकरला. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. एवढे मोठे बंदर गेले कोठे? खाडी गाळाने भरली. जुन्या कागदांत वसई हे बेट आहे. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला वैतरणा, आणि मुख्य जमिनीपासून तोडणारी सोपाऱ्याची अरुंद भरतीची खाडी. त्या पाण्याच्या जागी नंतर खाजणे झाली, मिठागरे झाली आणि आता इमारती व गाळे झाले. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा २०१४ मध्ये. पाण्याला मात्र जुनी वाट आठवते. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याला रूळ बुडून गाड्या थांबल्या, वसईच्या मिठागरातून शेकडो माणसांना बाहेर काढावे लागले. ज्या दुकानदारांची कापडाची गाठोडी जमिनीवर होती त्यांचा हिशेब वेगळा सांगायला नको.

म्हणून गाळा घेताना आम्ही दलालाकडे आधी भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा मागतो, आणि जुन्या सर्व्हेचा एखादा नकाशा मिळाला तर तो त्याच्याशेजारी ठेवून पाहतो. मागे एका दलालाने नालासोपारा पूर्वेला रस्त्यालगतचा तळमजल्याचा गाळा दाखवला. भाव बरा होता. जुन्या नकाशावर बरोबर त्या जागेतून भरतीच्या पाण्याची बारीक नागमोडी रेघ जात होती. दलाल म्हणाला, "शेठ, आता कुठे आहे ती खाडी?" आम्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्याचा गाळा घेतला, थोडे भाडे जास्त देऊन.