साबण छान, पण फेस येईना? साखळीची लांबी तपासा!

घरगुती साबणाचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंचा गेल्या थंडीत फोन आला. "सर, वड्या टणक झाल्या, रंगही छान आला. पण ४० वड्या परत आल्या. गिऱ्हाईक म्हणतं, फेसच येत नाही." मी एकच विचारलं, तेल कोणतं? खोबरेल महाग म्हणून त्यांनी जवळपास सगळं पाम तेल घातलं होतं. गडबड तिथेच होती.

साबणाच्या रेणूला पाणी आवडणारं डोकं असतं आणि पाण्यापासून पळणारी कार्बनची शेपटी. पाण्यात पुरेसे रेणू जमले, की शेपट्या आत करून त्यांचा गोळा बनतो. यालाच मायसेल म्हणतात. तेलकट मळ याच्याच पोटात अडकतो.

आता शेपटीची लांबी बघा. खोबरेल तेलात जवळपास निम्मं आम्ल १२ कार्बनचं असतं. पाम तेलात १६ आणि १८ कार्बनची आम्लं जास्त. आखूड शेपटीचे रेणू पटकन विरघळतात, गोळ्यात झटकन शिरतात आणि झटकन सुटतात. नव्या बुडबुड्याला असेच सुटे रेणू लागतात, म्हणून फेस लगेच येतो. शेपटी लांब झाली की गोळा कमी साबणातही बनतो, पण रेणू त्यातून सुटायला पटीपटीने जास्त वेळ लागतो. शिवाय थंड पाण्यात असा साबण नीट विरघळतच नाही. पॉलिमरच्या लांबलचक साखळ्यांचे गोळे तर कधी कधी तासन् तास रेणू सोडत नाहीत!

मग सगळंच खोबरेल वापरायचं? नाही. तशी वडी लवकर झिजते आणि त्वचा कोरडी पाडते. पामचा फेस उशिरा येतो, पण टिकतो. म्हणून मिश्रण करा. २५ ते ३० टक्के खोबरेलपासून सुरुवात करा.

आणि हो, तेल बदललं की कॉस्टिकचा हिशेब नव्याने करा. १ किलो खोबरेलला सुमारे १८० ग्रॅम लागतो, पामला सुमारे १४०. अंदाजाने घातलात तर हात भाजतील, तुमचे आणि गिऱ्हाइकाचेही.

मोठा घाणा काढण्याआधी ५ वड्या करा. पूर्ण सुकल्या की नळाच्या थंड पाण्यात आणि कोमट पाण्यात, दोन्हीकडे १० वेळा चोळून बघा. गिऱ्हाईक थंड पाण्यातच हात धुतं. परीक्षा तिथेच द्या, मग बाजारात उतरा!