मुलाने बटण-सेल गिळला तर वाट पाहू नका



लहान मुलाने नाणे गिळले की आपल्याकडे एक ठरलेला उपाय आहे. घरातली जुनी माणसे सांगतात, "घाबरू नका, दोन केळी चारा, उद्या परसाकडेला पडून जाईल." नाण्याच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही ठरते. परंतु हल्ली घरोघर नाण्यासारखी दिसणारी एक दुसरी वस्तू आलेली आहे. तिला हाच उपाय लावला, तर मूल हातचे जाऊ शकते. ही वस्तू म्हणजे चपटा, चकचकीत बटण-सेल होय.

हा सेल असतो कुठे?

मोटारीच्या किल्लीत, छोट्या रिमोटमध्ये, मनगटी घड्याळात, खिशातल्या वजनकाट्यात, ताप मोजण्याच्या डिजिटल नळीत, साखर तपासण्याच्या यंत्रात, आजोबांच्या कानातल्या यंत्रात, दिवाळीच्या विजेच्या पणत्यांत आणि जत्रेत मिळणाऱ्या लुकलुकत्या खेळण्यांत. यातला सर्वांत धोक्याचा सेल म्हणजे 'सीआर २०३२'. त्यावरचे आकडेच त्याचे माप सांगतात : २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. म्हणजे नव्या रुपयाएवढाच. एवढा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकून बसतो. शिवाय लहान घड्याळी सेलांपैकी पुष्कळांचा दाब दीड व्होल्टच्या आसपास असतो, तर याचा ३ व्होल्ट असतो.

गिळल्यावर नेमके काय होते?

सेल फुटून आतले औषध बाहेर येते म्हणून अपाय होतो, असा समज आहे. तो अपुरा आहे. सेल फुटावाही लागत नाही. ओल्या जागी अडकला की त्याच्या दोन बाजूंमध्ये लाळेतून वीज वाहू लागते. या विजेमुळे सेलच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्याच्या जातीचा दाहक पदार्थ तयार होतो. आपल्या कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसलेला कठीण थर काढायला कॉस्टिक सोडा उकळतात, हे कामगारांना ठाऊक आहे. तसलाच पदार्थ पोराच्या कोवळ्या गळ्यात तयार होत राहतो.

अवघ्या दोन तासांत गंभीर भाजणूक होऊ शकते. पुढे अन्ननलिकेला भोक पडते, कधी ते श्वासनलिकेपर्यंत जाते, कधी शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत. सेल काढल्यावरही काही दिवसांनी, क्वचित आठवड्यांनी, एकाएकी रक्तस्राव होऊन मुले दगावलेली आहेत. म्हणून सेल निघाला तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखा चुकवू नयेत.

आणखी एक गोष्ट. रिमोट चालेना म्हणून आपण जो सेल 'मेला' म्हणून फेकतो, तो पुरता मेलेला नसतो. भाजण्यापुरती वीज त्यात शिल्लक असते.

ओळखावे कसे?

मूल सेल गिळताना पुष्कळदा कुणी पाहिलेले नसते. लाळ गळणे, खोकला, उलटी, आवाज बसणे, घास नाकारणे, छातीत दुखते म्हणून रडणे ही लक्षणे होत. ती सर्दी-खोकल्यासारखीच वाटतात, आणि कधी कधी सुरुवातीला काहीच लक्षण नसते. म्हणून खेळण्याचे झाकण उघडे दिसले आणि सेल सापडेना, तर मुलाने गिळला असेच धरून चालावे.

दवाखान्यात गेल्यावर 'काहीतरी गिळलंय' असे मोघम सांगू नये. 'बटण-सेल असू शकतो, ताबडतोब एक्स-रे काढा' असे स्पष्ट सांगावे. एक्स-रेमध्ये सेल नाण्यासारखाच गोल दिसतो. नीट पाहिल्यास त्याच्या कडेला दुहेरी कडे दिसते, त्यावरून फरक कळतो. सेल अन्ननलिकेत असेल तर दुर्बिणीने लगेच काढावा लागतो. पोटात उतरला असेल तर पुढे काय करायचे ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

काय करावे, काय करू नये

१) उलटी करवू नये. घशात बोट घालू नये.
२) केळी, भात, दूध, पाणी काहीही देऊ नये.
३) मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळून बारा तास झाले नसतील, ते नीट गिळू शकत असेल आणि घरात मध असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा. असे जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने भाजण्याचा वेग कमी होतो, असे २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. पण मध हा उपचार नव्हे. तो वाटेत द्यायचा, त्यासाठी थांबायचे नाही. गूळ-पाणी किंवा काकवी त्याची जागा घेऊ शकत नाही. एक वर्षाखालील मुलाला मध मुळीच देऊ नये.
४) १०८ क्रमांकावर फोन करावा. त्याच जातीचा दुसरा सेल किंवा त्याचे पाकीट सोबत न्यावे.
५) नाकात किंवा कानात सेल गेला तरी घाई तेवढीच. थेंब घालू नयेत, ओलाव्याने भाजणे वाढते.

दोन तासांचा हिशेब

आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना नोकरीपायी मुंबईकडे राहतात. बदलापुरातल्या बेलवलीचेच उदाहरण घ्या. तिथून उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय त्यातल्या त्यात जवळ. परळचे वाडिया बाल रुग्णालय गाठायचे तर नुसत्या लोकलच्या प्रवासातच तासाहून अधिक जातो. शहराजवळ ही स्थिती, तर आपल्या शिवारातल्या वस्तीवरून किती वेळ लागेल, हे ज्याचे त्याने मोजावे. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेला जवळचा दवाखाना कोणता, हे आजच विचारून त्याचा फोन भिंतीवर लिहून ठेवावा.

ऊसतोडीच्या टोळ्यांत तर आई-बाप फडात आणि पोरं कोपीपाशी. मोडकी खेळणी, टाकून दिलेले दिवे हेच त्यांचे खेळणे. त्यांच्यापर्यंत ही माहिती मुकादमांनीच पोचवली पाहिजे.

आधीची खबरदारी

झाकणाला स्क्रू असलेलीच खेळणी घ्यावीत. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते पाहून घ्यावे. परंतु हा नियम खेळण्यांपुरता आहे. रिमोट आणि वजनकाटा त्यात येत नाहीत. ऑस्ट्रेलियाने जून २०२२ पासून असा सेल असलेल्या घरगुती वस्तूंनाही सुरक्षित झाकणाचे बंधन घातले, आणि अमेरिकेतही त्याच वर्षी तसा कायदा झाला. तसे बंधन इथे येईपर्यंत आपणच रिमोटच्या झाकणावर चिकटपट्टी लावावी. नवे सेल औषधांसारखे उंचावर, कुलपात ठेवावेत. संपलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा बाजूला ठेवावा आणि बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडेच द्यावा. उकिरड्यावर टाकू नये.

सभासदांनी हा मजकूर घरातल्या बायामाणसांना आणि विशेषतः आजी-आजोबांना वाचून दाखवावा, ही विनंती. कारण पोरं दिवसभर त्यांच्याचजवळ असतात, आणि केळी चारण्याचा सल्लाही पहिल्यांदा तेच देतात.